तिसऱ्या भोकामागची तार

आमच्या घरात काही प्लग पॉइंट दोन भोकांचे होते आणि काही तीन भोकांचे. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, दोन भोकांचे तेवढे बदलले की झालं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोळ निघाला तो तीन भोकांच्या सॉकेटांत. दोन भोकांचा सॉकेट निदान खोटं तरी बोलत नाही; माझ्याकडे अर्थिंग (गळलेल्या विजेला जमिनीत नेणारी तार) नाही हे तो तोंडावर सांगतो. तीन भोकांचा मात्र मागे तार असो की नसो, पुढून एकसारखाच दिसतो.

विषय निघाला संगणकावरून. त्याच्या पत्र्याच्या डब्याला हाताची मागची बाजू ओझरती लागली की झिणझिण्या यायच्या. शॉक म्हणावा इतकं नाही, पण कातडीवर काहीतरी थरथरल्यासारखं. टेस्टर टेकवला की आतला दिवा मिणमिणायचा. घरात सगळ्यांनी संगणकालाच दोष दिला. पण संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) या दोन्हींपासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत एकेक छोटा कपॅसिटर मुद्दामच बसवलेला असतो. आतल्या सर्किटची उच्च वारंवारतेची खरखर त्यातून अर्थकडे निघून जावी, ही योजना. त्यातून जी किंचित गळती होते, तिला अर्थची तार असली तर वाट मिळते आणि कुणाला काही कळत नाही. तार नसली तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह मिलीअँपिअरच्या काही अंशांइतका, त्यामुळे जिवाला धोका नाही. पण सॉकेट तीन भोकांचा होता, प्लग तीन पिनांचा होता, आणि तरी झिणझिण्या येत होत्या. याचा अर्थ एकच निघत होता.

सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, म्हणणं, "इतकी वर्षं राहतोय इथे, कुणाला काही झालं का?" हे वाक्य खोडायला अवघड, कारण ते खरं होतं. फ्रिजच्या आतली एखादी फेजची तार घासून पत्र्याला टेकेपर्यंत काहीच होत नाही. ती टेकली तरी अर्थ नसलेल्या घरात फ्रिज नेहमीसारखा चालूच राहतो. फ्यूज उडत नाही, वास येत नाही, आवाज होत नाही. फक्त त्याचं दार २३० व्होल्टवर गेलेलं असतं आणि ओल्या पायांनी कुणीतरी ते उघडायला जाईपर्यंत पत्ता लागत नाही. शरीरातून साधारण १० मिलीअँपिअर प्रवाह गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे प्रश्न श्वासाचा आणि हृदयाचा होतो. मी बाबांना एवढंच म्हटलं, "एकदा बोर्ड उघडून तर पाहू." त्याला त्यांचा नकार नव्हता.

हे काम आपलं आपण करायचं नाही हे पहिल्यापासून ठरलं होतं. परवाना असलेला वायरमन बोलावला. वयानं मोठे, बोलायला कमी; आम्ही त्यांना काकाच म्हणू लागलो. मी यादी पुढे केली, इतके सॉकेट बदलायचे. त्यांनी यादी वाचून परत दिली. "ताई, नुसते सॉकेट बदलायचे तर संध्याकाळपर्यंत बदलून देतो. पण त्यात घालायला अर्थ आणायचा कुठून?"

मग मेन स्विच बंद करून एकेक बोर्ड उघडला.

दोन भोकांच्या सॉकेटांमागे लाकडी पट्टीवरची जुनी रबरी वायर होती, वरून सुती वेष्टण. रबराचं वय झालं की ते लवचीक राहत नाही. काकांनी वायर जरा वाकवली तर वेष्टणाचे तुकडे गळून खाली पडले आणि आतलं तांबं उघडं पडलं. इथे निर्णय सोपा होता: या वायरींना हात लावायचा तर त्या काढायलाच.

तीन भोकांच्या सॉकेटांमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. काहींच्या अर्थच्या पेचाला तारच नव्हती. पेच अगदी कोरा, कारखान्यातून आला तसा. काहींना हिरवी तार होती, पण ती भिंतीतल्या लोखंडी वायरिंग पाइपला आवळून सोडलेली. पूर्वी असा पाइपच अर्थची वाट म्हणून वापरत. पण सांध्या-सांध्यांत गंज बसला की ती वाट मध्येच कुठेतरी तुटते, आणि कुठे ते भिंत फोडल्याशिवाय दिसत नाही. न्हाणीघराजवळची एक तार नळाच्या पाइपला बांधली होती. तो पाइप पुढे कधीतरी प्लास्टिकचा झाला. तार तिथेच राहिली, उरलेल्या हातभर लोखंडाला चिकटून.

तिसरा प्रकार स्वयंपाकघरात. अर्थच्या पेचातून बोटभर तार काढून शेजारच्या न्यूट्रलच्या पेचात घट्ट बसवलेली. यावर थोडं थांबायला हवं, कारण ही युक्ती सर्रास केली जाते आणि करणाऱ्याला ती हुशारीची वाटते. हिशेब असा की न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतोच, मग तो इथे जोडला तर बिघडलं कुठे? बिघडतं न्यूट्रल तुटल्यावर. कुठलाही जोड ढिला होऊन न्यूट्रल सुटला, तर फेज उपकरणाच्या आतून फिरून न्यूट्रलच्या पेचापर्यंत येते, परत जायला तिला रस्ता नसतो, आणि त्या बोटभर तारेवरून ती सरळ पत्र्यावर उतरते. उपकरणात काडीचाही दोष नसताना त्याला हात लावणाऱ्याला शॉक. कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर न्यूट्रल तुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. प्लग लावला की पत्रा थेट फेजवर. आमच्याकडे भरीला जुन्या मेन बोर्डावर न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज होता. तो एकटा उडाला असता तर घर अंधारात गेलं असतं, सगळ्यांनी वीज गेली म्हटलं असतं, आणि स्वयंपाकघरातला फ्रिजचा पत्रा मात्र जिवंत झाला असता. काकांनी ती बोटभर तार काढून माझ्या तळहातावर ठेवली. "ही लावणाऱ्यानं अर्थिंगचे पैसे घेतले असतील," एवढंच म्हणाले.

तपासायचं कसं, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले. टेस्टर फक्त फेज दाखवतो. अर्थबद्दल त्याला काही कळत नाही. चालू वायरीच्या शेजारून जाणाऱ्या, कशालाच न जोडलेल्या तारेवरही तो मिणमिणू शकतो. डिजिटल मल्टिमीटरही फसतो, कारण तो मोजताना जवळजवळ प्रवाहच घेत नाही, आणि लोंबकळणाऱ्या तारेवर चाळीस, साठ, ऐंशी असे भुताटकीचे व्होल्ट दाखवतो. काकांचा भरवसा होता तो टेस्ट लॅम्पवर: होल्डरमध्ये ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब आणि दोन वायरी. बल्ब पाव अँपिअर तरी ओढतो, त्यामुळे नावापुरती जोडलेली तार तिथे उघडी पडते. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब पूर्ण पेटला, फेज आणि अर्थमध्ये नुसता लालसर धुगधुगला किंवा पेटलाच नाही, तर तिसरं भोक शोभेचं. (हे वाचून कुणी घरी बल्ब घेऊन बसू नये. उघड्या टोकांच्या वायरी फेजला लावायच्या असतात.)

पण न्यूट्रलवरून चोरलेल्या अर्थवर हा बल्बही झकास पेटतो. त्यावर त्यांची दुसरी परीक्षा होती, आणि ती मला फार आवडली. त्याच लाइनवर इस्त्रीसारखं काहीतरी जड उपकरण चालू ठेवायचं आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये व्होल्ट मोजायचे. न्यूट्रलमधून प्रवाह वाहत असल्यानं त्यावर एखाद-दुसरा व्होल्ट पडलेला दिसायलाच हवा. खरा अर्थ असेल तर मीटर तो दाखवतो. मीटर पक्कं शून्य दाखवत असेल, तर बहुधा दोन्ही पेच मागे एकमेकांना जोडलेले आहेत. चांगला आकडा दिसला की संशय घ्यायचा, असा हा प्रकार.

मग अर्थ आणायचा कुठून, या पहिल्या प्रश्नाकडे आलो. मीटरच्या पेटीजवळून जस्त चढवलेली एक लोखंडी तार जमिनीत शिरलेली होती. काकांनी ती हलकेच ओढली आणि ती सबंध हातात आली. जमिनीच्या पातळीला गंजून केव्हाच तुटलेली. म्हणजे घरभर हिरव्या तारा व्यवस्थित फिरवल्या असत्या तरी त्या कुठेच पोचल्या नसत्या.

नवा खड्डा घेतला. पूर्वी ६० सेंटिमीटर चौरस तांब्याचा किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाचा पत्रा खोल पुरून भोवती मीठ आणि कोळशाचे थर देत. मिठानं सुरुवातीला आकडा छान येतो, पण ते पाण्याबरोबर वाहून जातं आणि जाता जाता लोखंड खातं. आम्ही अडीच मीटर लांबीचा पाइप उभा पुरला आणि भोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती भरली. वर झाकण असलेली छोटी कुंडी ठेवली, म्हणजे जोड तपासता येतो. हे झाकण महत्त्वाचं. अर्थिंगचा जोड मातीत गाडून टाकला की तो असून नसल्यासारखा.

मोजणीसाठी काकांनी अर्थ टेस्टर आणला. पाइपपासून लांब अंतरावर दोन खुंट जमिनीत ठोकायचे, तिन्हींना वायरी जोडायच्या, आणि यंत्र जमिनीत प्रवाह सोडून रोध, म्हणजे वाटेतला अडथळा, सांगतं; तो जितका कमी तितका बरा. ६ ओहम आला. चांगला आकडा, असं ते म्हणाले. मग त्यांनी मला जो हिशेब करून दाखवला त्यानं माझी अर्थिंगबद्दलची सगळी कल्पनाच बदलली.

फेज पत्र्याला टेकली तर या अर्थमधून जास्तीत जास्त किती प्रवाह जाईल? २३० भागिले ६, म्हणजे ३८ अँपिअरच्या आसपास. आणि १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) क्षणात पडायला किती लागतो? पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर. ३८ ला तो पडेल, पण आतली पट्टी तापून, त्याच्या सवडीनं. मिनिटभरही लागू शकतो. वरचा ३२ अँपिअरचा तर तासभरही मख्खासारखा बसेल. तोवर पत्रा जिवंतच. आपण समजतो की अर्थिंग केलं म्हणजे बिघाड झाल्याबरोबर वीज तुटणार. घराच्या अंगणात पुरलेल्या पाइपच्या जोरावर एमसीबी लगेच पडेलच असं नाही.

त्यासाठी आरसीसीबी. जुनी माणसं त्याला ईएलसीबी म्हणतात. तो फेजवरून गेलेला आणि न्यूट्रलवरून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. दोन्हींत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह तिसऱ्याच वाटेनं गेला, की ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडतो. गळती मोठी असली तर त्याहूनही पुष्कळ लवकर. त्याच्यासाठी ६ ओहमचा अर्थ म्हणजे चैन. ६० असता तरी तो पडला असता.

मग मी साहजिक प्रश्न विचारला: एवढं आहे तर अर्थच्या तारा घरभर कशाला ओढायच्या? नुसता आरसीसीबी लावू. हा अगदीच वेडगळ विचार नाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेत जुन्या, अर्थ नसलेल्या लाइनवर अशाच प्रकारचं, पण त्याहून नाजूक, ५ मिलीअँपिअरच्या आसपास पडणारं संरक्षण लावून तीन भोकांचा सॉकेट बसवायला परवानगी आहे. फक्त सॉकेटवर 'इथे अर्थ नाही' अशी चिठ्ठी लावावी लागते. ज्यांना भिंतींना हात लावता येत नाही त्यांच्यासाठी ती बरी तडजोड आहे. पण फरक असा की अर्थची तार नसेल तर आरसीसीबीला गळती दिसण्यासाठी ती कुणाच्या तरी अंगातून जावी लागते. तार असेल तर बिघाड झाला त्याच क्षणी तो पडतो. माणूस मध्ये यावाच लागत नाही. काकांनी हे एका वाक्यात सांगितलं: "बिनअर्थचा आरसीसीबी तुम्हाला वाचवेल, पण आधी झटका देऊन."

वायरिंगचं काम धुळीचं आणि कंटाळवाणं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जिथे भिंतीतला पाइप मोकळा होता तिथे जुनी वायर काढताना तिच्याच शेपटीला नव्या तीन वायरी बांधून ओढून घेतल्या. जिथे लाकडी पट्टी होती तिथे झिरी मारायची की वरून प्लास्टिकची केसिंग पट्टी लावायची, यावर घरात चर्चा झाली. मी पट्टीच्या बाजूची. दिसायला ती भिंतीवर दिसते हे खरं, पण पुढच्या वेळी झाकण काढलं की आतली वायर समोर. बैठकीच्या खोलीत बाबांना झिरीच हवी होती, तिथे झिरी मारली. साध्या सॉकेटांना अडीच चौरस मिलिमीटर, गिझर आणि वॉशिंग मशीनच्या १६ अँपिअरवाल्यांना चार. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, आणि हिरव्या तारेचा दुसऱ्या कशासाठीही तुकडासुद्धा वापरायचा नाही, यावर काका कडक होते.

सॉकेट बसवणं हा सगळ्यात छोटा भाग. दोन गोष्टी मात्र पाहण्यासारख्या. समोरून पाहिलं तर मोठं अर्थचं भोक वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. पण जोडताना आपण मागून पाहत असतो, तिथे डावं-उजवं उलटतं. म्हणून मागच्या अक्षरांवर नजर ठेवूनच जोडायचं. दुसरं म्हणजे प्लगची अर्थची पिन लांब असते, ती उगाच नव्हे. ती सगळ्यात आधी टेकते आणि सगळ्यात शेवटी सुटते, आणि शटर असलेल्या सॉकेटांत बाकीच्या दोन भोकांची झाकणंही तीच उघडते. घरात अर्थची पिन कापून दोन भोकांत खुपसलेले प्लग निघाले. ते सगळे बदलले. मोबाइलचा चार्जर, दाढीचं यंत्र अशा वस्तूंना दोनच पिना असतात आणि ते योग्यच आहे. चौकोनात चौकोन अशी खूण असली की ती वस्तू दुहेरी आवरणाची, तिला अर्थ लागत नाही. त्यांच्यासाठी पाच भोकांचे सॉकेट घेतले.

सगळं जोडून वीज चालू केली आणि संध्याकाळी आरसीसीबी पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. बाबा म्हणाले, "आधी बरं होतं, निदान दिवे तरी राहायचे." आम्ही घराचे दोन भाग करून दोन आरसीसीबी लावले होते. व्हरांड्यातल्या दिव्याची फेज एका भागातली आणि न्यूट्रल दुसऱ्या भागातून उसना घेतलेला निघाला. जुन्या वायरिंगमध्ये असे उसने न्यूट्रल खपून जातात, कारण हिशेब विचारणारं कुणी नसतं. इथे एका आरसीसीबीतून गेलेला प्रवाह दुसऱ्यातून परत येत होता, त्यामुळे दिवा लावला की दोघांनाही गळती दिसे. न्यूट्रल आपल्या जागी नेला, तो प्रश्न मिटला.

दुसऱ्या भागाचा आरसीसीबी तरीही पडायचा, पण लगेच नाही. गिझर लावला, पाणी तापू लागलं, की थोड्या वेळानं खट्. काकांनी गिझर सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (वेष्टणाचा रोध मोजणारं यंत्र) लावला. वायर आणि पत्रा यांच्यामधला रोध निदान १ मेगओहम असावा. इथे काटा शून्याच्या आसपास घुटमळत होता. तापवणाऱ्या कॉइलच्या बाहेरच्या नळीला बारीक चीर गेली होती आणि आत पाणी शिरत होतं. हा तोच गिझर, ज्याच्या तीन भोकांच्या सॉकेटात अर्थचा पेच कोरा निघाला होता. बाबांनी विचारलं, "हा कधीपासून गळत असेल?" ते सांगायला कुठलाच मार्ग नव्हता, तो रोज नीट पाणी तापवत होता. कॉइल बदलली. संगणकाच्या झिणझिण्या तर पहिल्याच दिवशी थांबल्या होत्या.

आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण मी महिन्यातून एकदा दाबते. तो पडला पाहिजे. पण त्या बटणाचा अर्थशी काही संबंध नाही. ते आतल्या आत एका रोधकातून कृत्रिम फरक निर्माण करतं, अर्थची तार पूर्ण तुटलेली असली तरी आरसीसीबी पडणारच. अनेकांना वाटतं की बटण दाबलं, पडला, म्हणजे अर्थिंगही ठीक. अर्थ वेगळा मोजावा लागतो, आणि तोही उन्हाळ्याच्या अखेरीला, जमीन सगळ्यात कोरडी असताना. काका यंदा टेस्टर घेऊन आले तेव्हा ९ ओहम आला. त्यांनी कुंडीचं झाकण काढून पाइपवरचा गंजू लागलेला नटबोल्ट बदलला, जोड घासून ग्रीस लावलं आणि खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं.